मध्यभागाविषयी तात्त्विक मतभेद

कार्यशाळा, ४ जुलै

अखिलकळफलकचक्रवर्तिनी, विद्युत्कणनियंत्रिणी, मूर्च्छितयंत्रसंजीवनी, महानगरीच्या महाकचेरीतील तृतीय मजल्याची अधिष्ठात्री, तथा वयाच्या पाचव्या वर्षी माझ्या सरसाच्या डब्यात स्वतःची वेणी बुडवून अक्षय कीर्ती संपादन करणारी श्रीमती भिंगरीदेवी हिला, वक्रपादवत्सल, चर्मविद्याविशारद, ऱ्हस्वदीर्घचरणसमन्वयाचार्य, एकसदस्य पादत्राणपीठाचा आजन्म पीठाधीश, म्हणजे तुझा मामा, याचे आशीर्वाद. ते साष्टांग घालणार होतो, पण कंबर आडवी आली.

विशेष असे की, आमच्या कार्यशाळेतील संगणकमहाशयांनी काल सकाळी पडद्याच्या ऐन मधोमध एक राजाज्ञा प्रसिद्ध केली. राजाज्ञा स्वतः वाचणे पीठाधीशास शोभत नाही, तिला दवंडीवाला लागतो. सुदैवाने तेवढ्यात पोस्टमन आला आणि त्याने ती मोठ्याने वाचली. तात्पर्य, महाशयांच्या अंगी जी प्रणाली वास करते, तिचा आधार ऑक्टोबरात समाप्त होत आहे.

"म्हणजे काय हो, मास्तर?" पोस्टमनने विचारले.

"म्हणजे कंपनीने हात वर केले," मी म्हणालो.

"मग माझ्या बुटांचं काय?"

प्रश्न रास्त आहे. तुला आमचा उद्योग ठाऊक आहे, तरी इतिहासासाठी लिहून ठेवतो. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांशी जुळवून घेत नाहीत, ते माझ्याकडे येतात. अस्थिरोग रुग्णालय त्यांच्या पायांची मापे संगणकावर धाडते. महाशय ती मापे कोरणीयंत्राच्या कानात सांगतात आणि यंत्र लाकडातून कलबूत कोरते. कलबूत म्हणजे गिऱ्हाइकाचा लाकडी पाय, जो कधी तक्रार करीत नाही. त्यावर मी चामडे ताणतो. महाशय गेले की यंत्र मुके झाले, आणि यंत्र मुके झाले की मी चामड्याच्या वासात बसलेला एक निरुद्योगी गृहस्थ. पोस्टमनचा डावा पाय उजव्याहून आखूड आहे. त्याच्या जुन्या बुटांचा तळ आता रस्त्याशी थेट बोलू लागला आहे. नवा जोड पावसाळा सरताच त्याच्या पायात पडायला हवा.

तरी या प्रसंगी कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत ते कळवावे. मार्ग फक्त सांगावेत. चालायचे की नाही ते पीठ ठरवील.

तुझा मामा

१५ जुलै

प्रिय मामा,

नमस्कार. तुझ्या पदव्या वाचून होईपर्यंत माझा चहा गार झाला. पुढच्या वेळी पदव्या वेगळ्या पाकिटात पाठव.

पहिल्यांदा हे ऐक, घाबरायचं काही नाही. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तसाच सुरू होईल. फक्त सिस्टिममध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवायला कंपनीचा माणूस येणार नाही. आणि भोकं शोधत बसणारे उपटसुंभ तर इंटरनेटवर सदैव असतातच.

त्याच डब्यावर नवी सिस्टिम चढवता आली असती, पण तुझे महाशय फार म्हातारे आहेत. नवी त्यांना घेणार नाही. थोडी फी भरली तर कंपनी आणखी काही काळ दुरुस्त्या पाठवत राहील, पण ते नुसतं पुढे ढकलणं झालं. एक फुकटची सिस्टिमही मिळते, ती जुन्या यंत्रावर चांगली चालते. मात्र तुझा कोरणीचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेल असं मला वाटत नाही. इंटरनेटची वायर काढून टाकली तर जुनीच सिस्टिम वर्षानुवर्षं वापरता येईल. नाहीतर सरळ नवा कॉम्प्युटर घ्यायचा आणि जुनी सिस्टिम त्याच्या पोटात, एका खिडकीत, पाहुणी म्हणून ठेवायची. मला विचारशील तर हे शेवटचं.

आणि मामा, अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर मूठभर ओळी. पदव्यांना जागा पुरत नाही म्हणून का?

तुझी भिंगरी

कार्यशाळा, २ ऑगस्ट

मार्गदर्शकशिरोमणी, पर्यायपंचकप्रसवित्री भिंगरीदेवी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र पीठात जाहीररीत्या वाचले गेले. अक्षराच्या आकाराबद्दल खुलासा असा की, थोर पुरुषांची अक्षरे उत्तरायुष्यात थोर होतातच. इतिहास चाळून पाहावा.

आता पर्यायांचा परामर्श घेतो. फी भरून मुदतवाढ घेणे म्हणजे निवृत्तीच्या निरोपसमारंभात दरवर्षी नवे भाषण करणे, तेव्हा ते नको. फुकटच्या प्रणालीस माझे यंत्र ओळख देणार नसेल, तर आपणही देऊ नये. महाशयांना वायर काढून संन्यास देण्याची कल्पना मला अत्यंत प्रिय झाली होती, परंतु मापे रुग्णालयातून त्याच वायरीतून येतात. संन्याशाला टपाल येऊ लागले की संन्यास मोडलाच.

उरला नवा संगणक. गेल्या आठवड्यात औषधवाल्याच्या दुकानात मी ती नवी प्रणाली पाहिली, म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. आपल्या महाशयांचे मुख्य बटण कसे खाली, डाव्या कोपऱ्यात, घरच्या उंबऱ्यासारखे. हात आपोआप जातो. नव्या प्रणालीत सगळी बटणे खाली मधोमध गोळा झालेली, वऱ्हाड जमल्यासारखी. सूचना मधोमध, प्रश्न मधोमध. भिंगरी, मध्यभागाविषयी माझा तात्त्विक मतभेद आहे. जगातले जे काही विश्वासार्ह आहे ते कडेला असते. बुटाचे सगळे सामर्थ्य शिवणीत असते आणि शिवण कडेला असते. मध्यभाग हा नेहमीच थोडा धूसर आणि गर्विष्ठ असतो.

तरी महाशय आहेत तिथे, आहेत तसे राहतील, असा ठराव पीठाने एकमताने मंजूर केला आहे. मत एकच होते.

तुझा मामा

२० ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझा ठराव वाचून हसले, मग हसू ओसरलं.

मापं इंटरनेटवरून येतात, म्हणजे आधार नसलेला कॉम्प्युटर तू रस्त्याकडे दार उघडं टाकून ठेवणार. मागच्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाइकाचा असाच जुना कॉम्प्युटर कुणीतरी लांबून कुलूपबंद केला. एकही फाइल परत मिळाली नाही. तुझ्या डब्यात किती माणसांचे पाय आहेत, मामा! ते गेले तर त्यातली निम्मी माणसं पुन्हा रुग्णालयात रांगेत उभी राहणार, आणि पोस्टमनकाका पायात काय घालणार?

म्हणून मी ठरवलं. आमच्या कचेरीतला एक चांगला कॉम्प्युटर रिकामा होता. त्यात तुझी जुनी सिस्टिम पाहुणी म्हणून बसवली आहे. कोरणीचा प्रोग्रॅम चालवून बघितला, छान चालतो. आमचा जोडणीवाला सप्टेंबरच्या शेवटी तुमच्या बाजूला येणार आहे, तो सगळं लावून देईल. मध्यभागाचं म्हणशील तर तो मतभेद नाही, हट्ट आहे. चार दिवसांत सवय होते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तो लहानपणापासून असाच. झेपत नसेल तर दुकान आवर आणि आमच्याकडे येऊन राहा म्हणावं. मागची खोली रिकामीच आहे." मी आपला निरोप पोचवला.

तुझी भिंगरी

६ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

नवा कॉम्प्युटर पोचला. तुझा माणूस सभ्य होता. त्याने सर्व समजावून सांगितले. जुना कपाटावर ठेवला आहे. काम ठीक चालले आहे. पोस्टमनचे बूट जरा लांबले आहेत. काही दिवस कार्यशाळा बंद ठेवतो आहे, हत्यारांना धार लावायची आहे. तुझ्या आईस नमस्कार सांगावा. तिला इतर काही सांगू नये.

मामा

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

ताई, मी पोस्टमन. लोकांच्या पाकिटावर लिहिणं आमच्या खात्यात बसत नाही, पण राहवलं नाही. मास्तरांनी माझ्या बुटांसाठी कलबूत कोरले ते दोन्ही डावे निघाले. हात लावल्याबरोबर त्यांना कळलं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बसून राहिले. मी म्हटलं, "मास्तर, मला तिसरा पाय फुटल्यावर एक उपयोगी पडेल." एरवी यावर अर्धा तास बोलले असते. ते "दार लावून घे" म्हणाले.

दुसरं असं की तुमची पत्रं मीच वाचून दाखवतो. मास्तर म्हणतात चष्मा सापडत नाही. चष्मा त्यांच्या कपाळावरच असतो.

१४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पोस्टमनकाका, हे पत्र तुम्हीच वाचणार, तर सावकाश वाचा आणि काही गाळू नका. मामा रागावले तर माझं नाव सांगा.

मामा, तुझ्या पत्रात एकही पदवी नव्हती. आजोबा गेले तेव्हाच्या पत्रातसुद्धा तू मला 'शोकनिवारिणी' म्हटलं होतंस.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. राजाज्ञा पडद्याच्या मधोमध आली, ती तू वाचली नाहीस. औषधवाल्याकडे बटणं मधोमध होती, तू 'पाहण्याचा प्रयत्न' केलास. मध्यभाग धूसर असतो, असं तू मला स्पष्ट लिहिलं होतंस, आणि मी त्याला विनोद समजले. वर तुलाच हट्टी म्हटलं.

काल जोडणीवाल्याशीही बोलले. एक पाय कोरून झाला की तू एंटर दाबतोस आणि प्रोग्रॅम दुसऱ्या पायाकडे वळतो. इतकी वर्षं तसंच होत आलंय. पण नव्या कॉम्प्युटरवर त्याच वेळी मधोमध एक सूचना येते, काहीतरी अद्ययावत करू का विचारणारी. तुझं एंटर तिला लागलं. प्रोग्रॅम डाव्या पायावरच राहिला. ती सूचना बंद करायला मी विसरले होते. मला ती समोर दिसली असती, तुलाही दिसेल असं मी धरून चालले.

आता सरळ विचारते. मामा, मधलं दिसत नाही का तुला?

पुढच्या आठवड्यात शनिवारी मी येते आहे. खोली आवरायला नाही, आणि आईला घेऊनही नाही. एकटी येते आहे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. नको असेल तर तसं लिही, पण पदव्यांसकट लिही.

तुझी भिंगरी

कार्यशाळा, १८ ऑक्टोबर

मर्मभेदिनी, पत्रान्वेषणपटू, मातुलहृदयतस्करी भिंगरीदेवी हिस आशीर्वाद.

पोस्टमनने तुझे पत्र वाचताना एक परिच्छेद गाळण्याचा प्रयत्न केला, त्यावरून त्यात काहीतरी महत्त्वाचे आहे हे मी ओळखले. पाकिटाच्या पाठीवरील राजद्रोहाबद्दल त्याची चौकशी झाली. "खात्याला कळवू का?" असे मी दरडावले तेव्हा तो म्हणाला, "कळवा की. पत्र मीच नेणार आणि तुम्हाला मीच वाचून दाखवणार."

होय. मधले दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर कुणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखा डाग आहे. नेत्रवैद्य म्हणतात, मधले परत येणार नाही, कडा मात्र टिकण्याचा संभव आहे. तुझ्याकडे पाहायचे झाल्यास मला तुझ्या कानामागच्या भिंतीकडे पाहावे लागेल, तेव्हा तू काठाने दिसशील. शनिवारी मी भिंतीशी बोलतो आहे असे वाटल्यास गैरसमज करून घेऊ नयेस.

बूट बनवायला डोळे फार लागत नाहीत. चामडे बोटांना कळते, टाका आरीला कळतो. डोळ्यांचे काम होते ते फक्त महाशयांसमोर, आणि तिथेही सगळे कोपऱ्यांत असल्यामुळे माझे भागत होते. ही व्यवस्था मी कुणालाही न सांगता दीड वर्ष सुखाने चालवली. मग पडद्यावर ती आज्ञा आली. पोस्टमनने "आधार समाप्त" असे वाचले, तेव्हा क्षणभर मला वाटले की नोटीस माझ्याच नावाने निघाली आहे. तुझ्या आईने मागची खोली देऊ केली तेव्हा तर खात्रीच झाली. खोली चांगली आहे. हवेशीर आहे. त्या खोलीत मी काय करीन, हे मात्र मला कुठल्याही बाजूने पाहिले तरी दिसत नाही.

ते दोन डावे कलबूत अजून टेबलावर आहेत. दोघेही एकमेकांकडे पाहून ओशाळलेले आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा माझी हिंमत खचली, भिंगरी. हाताला कळले, पण लाकूड कापले गेल्यावर कळले. पुढच्या वेळी कदाचित चामडे कापल्यावर कळेल, आणि त्यापुढच्या वेळी कुणाचा तरी पाय सोलवटल्यावर.

ये. किल्ली नेहमीच्या जागी नाही, मी घरीच आहे.

तुझा मामा

कार्यशाळा, ९ नोव्हेंबर

सकलसंगणकसार्वभौम, द्विसंगणकसीमासंरक्षिणी, मधोमधमानमर्दिनी, डाव्या कोपऱ्याची पुनःस्थापिका, जीर्णप्रणालीसंन्यासदीक्षादात्री, मातृमनोवळणकर्त्री श्रीमती भिंगरीदेवी हिला, पुनरभिषिक्त पादत्राणपीठाधीश, पार्श्वदृष्टिपंडित, भित्तिसंभाषणचतुर मामाचे सहस्र आशीर्वाद. पदव्या वेगळ्या पाकिटात घालण्याची सूचना पीठाने फेटाळली आहे.

तू गेल्यापासूनचा वृत्तांत असा. महाशय पुन्हा आपल्या जुन्या जागी, कोरणीयंत्राशेजारी विराजमान आहेत. वायर नाही, जगाशी संबंध नाही, अद्ययावत होण्याची वासना नाही. यापुढे त्यांना आधार नसला तरी त्यांच्याकडे वाईट नजरेने पाहणाऱ्याला वाटही नाही. तुझा नवा संगणक खिडकीशी द्वारपाल म्हणून बसला आहे. रुग्णालयाची मापे तो स्वीकारतो, त्यांची झडती घेतो, आणि मग मी ती त्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घालून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालत नेतो. या वयात पोस्टमन झालो. खरा पोस्टमन म्हणतो, "मास्तर, या धंद्यात बूट चांगले लागतात." सगळ्या पायांच्या नकला द्वारपालाकडे आणि तुझ्याकडे आहेत, त्यामुळे महाशयांनी उद्या चिरनिद्रा घेतली तरी पाय अनाथ होणार नाहीत. पाहुणी खिडकीही तयार आहे. तिची वेळ येईल तेव्हा पाहू.

एक गोष्ट मात्र इतिहासात नोंदवणे भाग आहे. ज्या मध्यभागाविरुद्ध मी ग्रंथ लिहायला निघालो होतो, तो तू आल्या आल्या दोन टिचक्या मारून डाव्या कोपऱ्यात सरकवलास. "हे एवढंच होतं, मामा. आधी सांगितलं असतंस तर?" असे म्हणालीस आणि मग बराच वेळ पडद्याकडेच पाहत राहिलीस. तुला वाटले असेल, मला दिसले नाही. पण तू तेव्हा माझ्या उजव्या बाजूला उभी होतीस, आणि उजवी बाजू मला लख्ख दिसते. नाक पुसायला माझे पॉलिशचे फडके घेतलेस हेही दिसले.

तुझ्या आईचा काल फोन आला. खोलीचा विषय निघाला नाही. पंधरा मिनिटे ती स्वयंपाकघराच्या गळक्या नळाविषयी बोलली आणि शेवटी म्हणाली, "भिंगरी सांगत होती, दुकान जोरात चाललंय म्हणे. मग तसं कळवायचं नाही का रे?" थोड्या वेळाने विचारले, "डोळ्यात औषध घालतोस ना वेळेवर?" यावरून तू तिला नेमके किती सांगितलेस आणि कसे सांगितलेस याचा अंदाज आला. तुझे राजकारण पाहून अभिमान वाटला. नेत्रवैद्यांकडे दर महिन्याला जाण्याचे वचन मी पाळतो आहे. कडा किती काळ टिकतील ते तेही सांगत नाहीत. मी विचारतही नाही.

आणि बूट झाले. एक डावा, एक उजवा, अशी पारंपरिक विभागणी राखण्यात आली आहे. डाव्याचा तळ उंच केला, टाच आतून उतरती घेतली. पोस्टमनने ते घालून आधी दुकानात तीन येरझाऱ्या घातल्या. मग रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. मी दारात उभा होतो. तो समोरून येऊ लागला तेव्हा नुसता धूसर ठिपका होता, म्हणून मी मान वळवून पलीकडच्या पानवाल्याच्या फळीकडे पाहू लागलो. तेव्हा काठाने दिसला. सरळ चालत होता, भिंगरी. खांदा पडत नव्हता. पिशवी जराही हलत नव्हती.

"कसे आहेत?" मी विचारले.

"बूट आहेत हेच विसरलो, मास्तर," तो म्हणाला. पीठाच्या इतिहासात एवढा मोठा सन्मान कुणाला मिळालेला नाही.

दोन डाव्यांपैकी जास्तीचा मी दारात ठेवला आहे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. ते काम तो उत्तम करतो.

आता अखेरीस एक अत्यंत गंभीर बाब. महाशयांची वायर काढल्यावर तू तिची नीट गुंडाळी केलीस, दोऱ्याने बांधलीस आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलीस. तो खिळा माझ्या ॲप्रनचा आहे. रोज सकाळी मी न पाहता हात वर करतो आणि वायर गळ्यात घालतो. काल ती घालून मी रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंसमोर अर्धा तास बसलो, आणि त्या सभ्य असल्यामुळे काही बोलल्या नाहीत. वायर कुठे ठेवू म्हणून पोस्टमनला विचारले तर तो म्हणतो, "ताईंनी ठेवली आहे, मी हात लावणार नाही." दुसरा खिळा ठोकावा तर भिंत ऐन तिथेच पोकळ आहे आणि ॲप्रन खुर्चीवर टाकला की कुणीतरी त्याच्यावर बसते. तरी तो खिळा नक्की कुणाचा, आणि मी ॲप्रन कुठे टांगायचा, याचा निर्णय उलट टपाली कळवावा. सध्या ॲप्रन महाशयांच्या डोक्यावर आहे आणि त्यांना उकडते आहे.

तुझा मामा